सातबारा नसलेले गाव

गावाची आठवण काढून हळवे होणे हा आपल्याकडचा फार जुना आजार. माझ्या वडिलांच्या पिढीला तो खऱ्याखुऱ्या गावाचा झाला होता. त्या गावाला नदी होती, पार होता आणि तोंडी लावायला भाऊबंदकीही होती. आमच्या पिढीला तोच आजार चाळीचा झाला. गिरणीचा भोंगा, इराण्याचा चहा आणि सार्वजनिक नळावरची भांडणे यांवर आम्ही लेखकमंडळींनी इतकी शाई खर्च केली, की चाळी पडल्या तरी त्यांच्यावरचे लेख काही थांबले नाहीत. आता माझ्या मुलाची पिढी चाळिशीला आली आहे आणि तिच्यातही या आजाराची लक्षणे दिसू लागली आहेत. फरक एवढाच, की ही मंडळी ज्या गावासाठी उसासे टाकतात ते कुठल्याच नकाशावर नव्हते. तिथे एस.टी. जात नव्हती. टेलिफोनच्या तारेतून, कर्कश किंचाळणाऱ्या मोडेम नावाच्या एका डबीला वाट पुसत तिथे जावे लागे.

‘‘बाबा, पूर्वीचं इंटरनेट आता राहिलं नाही,’’ असे मुलगा मध्यंतरी म्हणाला तेव्हा त्याचा सूर थेट माझ्या थोरल्या काकांचा होता. काका राजापूरविषयी असेच म्हणत. मला आधी हसू आले. पण मग वाटले, की हा उसासा नीट तपासून पाहायला हवा. कारण त्या नकाशात नसलेल्या गावात आमच्याही घरातले काही राहून गेले आहे.

आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांपासून आरंभ केला. सामान्य माणसासाठी असे म्हणण्याची आपली पद्धत आहे म्हणून म्हणायचे. दरपत्रक पाहिले तर सामान्य माणसाने दोन पावले मागेच सरकावे. चित्रे दिसतील अशी जोडणी घरी हवी असेल तर २५० तासांचे १५,००० रुपये. बँकेतल्या माणसाचे डोके अशा वेळी आपोआप भागाकार करू लागते. तासाला ६० रुपये, म्हणजे मिनिटाला रुपया, आणि टेलिफोनचे बिल वेगळे. विद्यार्थ्यांसाठी मात्र ५०० रुपयांत तेवढेच तास मिळत. त्यांना नुसती अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. आमच्या शेजारी इंजिनीअरिंगला असलेल्या एका मुलाकडे ती विद्यार्थी-जोडणी होती. १९९६ साली त्याच्या काळ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी उगवताना मी पहिल्यांदा पाहिल्या. तो अत्यंत भक्तिभावाने समजावून देत होता आणि स्वयंपाकघरातून त्याची आई ओरडत होती, ‘‘अरे, फोन सोड आता, तुझ्या मावशीचा फोन यायचाय!’’

या एका ओरडण्यात त्या काळाचे सगळे मर्म आहे असे आज मला वाटते. तार एकच होती. तिच्यावरून एक तर मावशी यायची, नाहीतर जग. त्यामुळे माणूस इंटरनेटवर ‘जात’ असे आणि तिथून ‘परत येत’ असे. काय पाहायचे, कोणाला काय लिहायचे हे कागदावर आधी टिपून ठेवायचे, कारण घड्याळ चालू होते आणि त्या घड्याळाचे पैसे आपण भरत होतो. सुरुवातीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका. शंभर किलोबाइटचे एखादे छायाचित्र उतरायला दीड मिनिट लागे. वरून खाली एकेक पट्टी उलगडत जायची. आधी आकाश, मग झाडाचा शेंडा, आणि माणसाचा चेहरा दिसेपर्यंत चहा निवायचा. पण दीड मिनिट वाट पाहून मिळालेले छायाचित्र माणूस नीट पाहतो. आज बोटाच्या एका झटक्यात पन्नास छायाचित्रे सरकतात आणि त्यांतले एकही संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाही.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले, दर उतरू लागले आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. कॅफे हे नाव ऐकून माझ्या आईला तिथे बटाटेवडा मिळत असेल असे वाटले होते. आमच्या ठाण्यातल्या कॅफेत चपला बाहेर काढाव्या लागत. आत वातानुकूलन, प्लायवूडचे आडोसे आणि दारावर वहीत वेळ टिपणारा एक पोरगा. आईला त्या चपला काढण्यामुळे जागेविषयी आदर वाटला. ‘‘देवळासारखंच आहे की रे,’’ ती म्हणाली.

आई तिथे येत असे ती दादासाठी. माझा थोरला भाऊ १९७९ साली अमेरिकेला गेला आणि तिथलाच झाला. वीस वर्षे घरातला सगळा पत्रव्यवहार निळ्या हवाईपत्रांवर चालला. पत्र जायला दहा दिवस, उत्तर यायला दहा दिवस. या संथपणाचा एक फायदा होता. रागाने लिहिलेल्या पत्राचे उत्तर येईपर्यंत राग शिळा होऊन जायचा. आईला अक्षरओळख चांगली होती. पण डोळ्यांमुळे नंतर नंतर ती सांगायची आणि मी लिहायचो. १९९८ साली फुकट टपालपेट्या देणाऱ्या कंपन्यांपैकी एकीकडे आम्ही आईच्या नावाने पेटी उघडली. पासष्टीच्या बाईच्या नावाने परदेशात खाते निघाले याचे तिला अतोनात कौतुक. दर शनिवारी हाफ डे संपवून मी घरी आलो की जेवण करून आम्ही कॅफेत जात असू. ती माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सांगायची, मी टंकायचो.

मराठी लिहायचे पण रोमन लिपीत, हा त्या काळातला एक स्वतंत्र विनोदी नाट्यप्रयोग होता. रोमनमध्ये ‘त’ आणि ‘ट’ला एकच अक्षर. ‘आई आता दुपारी चहाऐवजी ताक पिते’ असे मी लिहिले. दादाचे उत्तर आले, ‘आईला टाक का प्यायला देता? दौत रिकामी झाली काय?’ काल आणि काळ, माल आणि माळ, वात आणि वाट, सगळे एकाच वेषात उभे. देवनागरी हवी असेल तर प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फाँट निराळा. तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर पडद्यावर नुसता खिळ्यामोळ्यांचा सडा. वास्तविक भारतीय लिप्यांसाठी प्रमाण संकेत आपल्याकडे १९८८ पासून होता आणि त्याच्याच आधाराने १९९१ साली देवनागरीला युनिकोडमध्ये जागाही मिळाली होती. पण कायद्यात हक्क असणे आणि तो हातात पडणे यांत जे अंतर असते ते इथेही होते. घरच्या संगणकावर सरळ देवनागरी उमटायला २००० साल उलटावे लागले.

तरीही लोक लिहीत होते. आणि हे लिहिणे कसले होते हे आठवले, की मुलाच्या उसाशाचा अर्थ थोडा लागतो. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतल्या मराठी माणसाने ‘मायबोली’ सुरू केली. दूर देशी गेलेली माणसे तिथे उकडीच्या मोदकांची पारी का फाटते इथपासून मुलांना मराठी कसे शिकवावे इथपर्यंत एकमेकांना विचारू लागली. ती आजही चालू आहे. १ मे २००३ रोजी, म्हणजे अगदी महाराष्ट्रदिनाचा मुहूर्त साधून, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. परदेशात ‘जिओसिटीज’ नावाच्या ठिकाणी तर लाखो लोकांनी फुकटच्या जागेत घरे बांधली होती. त्यात कोणी आपल्या मांजरीची माहिती द्यायचा, कोणी जुन्या रेल्वे इंजिनांची. भडक रंग, लुकलुकणारे तारे, ‘काम चालू आहे’ अशी पाटी. रांगोळी स्पर्धेत पहिल्यांदाच उतरलेल्या मुलीच्या हाताचे जे रूप असते ते त्या पानांना होते. पण ती त्यांनी स्वतः काढलेली असत.

हे शक्य झाले त्याच्यामागे एक मोठे दान आहे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९८९ साली ज्या जागतिक जाळ्याची कल्पना मांडली, ते जाळे त्या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी सर्वांसाठी खुले करून टाकले. पेटंट नाही, परवाना नाही, खंडणी नाही. आपल्या गावांच्या भाषेत सांगायचे तर ते गायरान होते. कोणीही यावे, आपले गुरू चारावे. सुरुवातीला आलेल्या माणसांना ते रान स्वतःचे वाटले, यात नवल नव्हते.

घोळ झाला तो पुढे. रान सर्वांचे होते. पण रानावर जी घरे उठली त्यांच्या खालची जमीन कोणाच्या नावावर आहे हे कोणी पाहिलेच नाही. जिओसिटीज १९९९ साली ‘याहू’ने विकत घेतले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केले. ‘ऑर्कुट’ जानेवारी २००४ मध्ये आले. शाळासोबत्यांना शोधून काढण्याची आमच्या मुलाच्या पिढीला तिथे झिंग चढली, आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी तेही मिटले. याहूवरच्या चर्चागटांत वर्षानुवर्षे साठलेला मजकूर २०१९ च्या अखेरीस काढून टाकण्यात आला आणि पुढच्या डिसेंबरात ते गटही बंद झाले. कोणी आग लावली नाही, पूर आला नाही. नोटीस लागली आणि गाव उठले. धरणग्रस्तांना निदान पुनर्वसनाचे आश्वासन तरी मिळते. काही स्वयंसेवकांनी जिओसिटीजची पाने घाईघाईने उतरवून ठेवली आणि ब्रुस्टर केल यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या संस्थेमुळे त्या उठलेल्या वस्त्यांचे थोडे अवशेष आज पाहायला मिळतात. बाकीचे गेले.

आईही २००५ साली गेली. वर्षश्राद्धाला दादा आला तेव्हा म्हणाला, ‘‘तिने सांगितलेली सगळी पत्रं एकत्र छापून घेऊ.’’ त्याच्याकडची पेटी नोकरीतली होती. २००१ मध्ये नोकरी सुटली तशी पेटीही सुटली. म्हणून आम्ही आईची पेटी उघडायला बसलो. पडद्यावर उत्तर आले, की या नावाचे खाते अस्तित्वात नाही. ठरावीक दिवस कोणी फिरकले नाही तर पेटी रिकामी करण्याचा त्या कंपनीचा नियम होता, आणि तो बारीक अक्षरांत कुठेतरी छापलेलाही होता. सात वर्षांचे शनिवार एका क्षणात नाहीसे झालेले आम्ही दोघे भाऊ बघत राहिलो.

लोखंडी ट्रंकेत १९७९ ते १९९७ पर्यंतची हवाईपत्रे आजही आहेत. घड्यांवर फाटली आहेत, डांबरगोळ्यांचा वास येतो, पण वाचता येतात. त्यांतली आई जरा औपचारिक आहे, ‘अनेक उत्तम आशीर्वाद’वाली. कॅफेतली आई वेगळी होती. उत्तर दुसऱ्याच आठवड्याला हाती येते म्हटल्यावर ती खुलली होती, दादाच्या बायकोला चिमटे काढत होती, सिनेमावर मते देत होती. ती आई आम्हा दोघांच्या आठवणीखेरीज कुठेच नाही.

मी सदतीस वर्षे बँकेत काढली. ‘निष्क्रिय खाते’ हा शब्द माझ्या टेबलावरून हजारो वेळा गेला असेल. दोन वर्षे खात्यात खातेदाराचा व्यवहार झाला नाही की आम्ही त्या खात्यावर तसा शिक्का मारतो. दहा वर्षे उलटली तर ती रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारांसाठीच्या निधीत जाते. परंतु जाते म्हणजे बुडत नाही. खातेदार आला, तो नसेल तर त्याचा वारस आला, ओळख पटली, की पैसे द्यावेच लागतात. अशी विसरलेली ठेव शोधता यावी म्हणून २०२३ साली रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ नावाची सोयही केली. बँकेच्या वह्या काही पाच वर्षे, काही आठ वर्षे जपून ठेवल्याच पाहिजेत असा १९८५ पासूनचा नियम आहे. कोणा आजीच्या खात्यात एकवीस रुपये चाळीस पैसे पडून असतील तर ते हरवण्याची माझ्या देशातल्या बँकेला परवानगी नाही. आणि माझ्या आईची सात वर्षे मात्र बिनबोभाट पुसता येतात, कारण ती पैशांत मोजलेली नव्हती.

इथे कोणी म्हणेल, फुकट दिले होते ना, मग तक्रार कशाला? हा मुद्दा खरा आहे आणि सगळ्या बदलाचे मूळही तिथेच आहे. आधी घड्याळाचे पैसे आपण भरत होतो, म्हणून वेळ आपला होता. पुढे सारे फुकट झाले. पण जगात फुकट काही नसते हे बँकेतल्या शिपायालाही कळते. पैसे भरणे थांबले तेव्हा आपण गिऱ्हाईक राहिलो नाही, माल झालो. आता कंपन्यांचे उत्पन्न आपण तिथे किती वेळ रेंगाळतो यावर ठरते. २००६ साली ‘फेसबुक’ने ओळखीपाळखीच्या बातम्यांचा अखंड ओघ सुरू केला, २००९ साली पसंतीचा अंगठा आणला, आणि मग कोणाला काय दाखवले म्हणजे तो हलणार नाही याचा हिशेब यंत्रे करू लागली. पूर्वी माणूस इंटरनेटवर जाऊन परत यायचा. आता ते खिशात येऊन बसले आहे, आणि परत यायला वाटच नाही.

माणसेही बदलली, की त्यांच्या बसण्याची जागा बदलली? पूर्वी अनोळखी माणूस भेटला की उत्सुकता वाटे. नागपूरचा कोणी सॅन होजेच्या कोणाला भरीत कसे करावे ते सविस्तर लिहून कळवायचा आणि पुन्हा त्यांची गाठ पडायची नाही. आज आम्ही ओळखीच्यांच्याच घोळक्यात आहोत. आमच्या कुळाचाही एक व्हॉट्सअॅप गट आहे. त्यात सकाळी सहापासून सूर्योदय, सुविचार आणि कुठल्या तरी पाल्याने कॅन्सर बरा होतो हे ज्ञान वाहत असते. दोन वर्षांपूर्वी त्यात निवडणुकीवरून दोन चुलतभावांची इतकी जुंपली, की एकाने दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाला जाणे टाळले. हवाईपत्र असते तर तो राग अरबी समुद्रावरच विरघळला असता. आता दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे त्याने वाचले, आणि तरी उत्तर नाही, म्हणजे अपमान!

इतके म्हटल्यावर दुसरी बाजू मांडली नाही तर हिशेब अपुरा राहील. ज्या गावाची आठवण काढून माझा मुलगा हळवा होतो, त्या गावात होते तरी कोण? इंग्रजी येणारे, घरी फोन असलेले, कॅफेत तासाला साठ रुपये मोजू शकणारे. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई तिथे नव्हत्या. माझ्या शाखेत पैसे काढायला येऊन स्लिपवर अंगठा उठवणारे शेतकरी तिथे नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ आल्यावर डेटा इतका स्वस्त झाला, की त्या बाई आता गावाकडच्या नातवाचा चेहरा रोज पाहतात. त्याच वर्षी आलेल्या यूपीआयमुळे भाजीवालीचे पैसे मधल्या कोणाच्या हाताला न लागता तिच्या खात्यात पडतात. अक्षर न येणाऱ्या माणसाला बोलून मराठीत विचारता येते आणि मराठीत उत्तर मिळते. माझ्या आईला हे मिळाले असते तर ती मला शेजारी बसवून कशाला घेती? जुनी आळी छान होती म्हणताना, त्या आळीत पाणी भरायला कोणाला मज्जाव होता, हेही सांगावे. वाड्यांच्या आठवणी लिहिताना आम्ही ते बहुधा गाळतो.

तेव्हा पूर्वीचे दर, पूर्वीचा वेग आणि पूर्वीची ती मूठभर माणसे परत यावीत असे मी म्हणणार नाही. मुलालाही मी तेच सांगितले. गेलेल्या दिवसांतली मागण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे मालकी. जे मी लिहिले, जे मला कोणी लिहिले, ते माझे आहे, आणि माझ्यामागे माझ्या माणसांचे आहे, हा साधा सातबारा. थोडी हालचाल दिसते आहे. गूगलने २०१३ पासून खाते बंद पडले तर आपला मजकूर कोणाच्या हाती द्यायचा हे आधीच सांगून ठेवण्याची सोय केली आहे. आणि ती महत्त्वाची, कारण दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे धोरणही त्याच कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. अॅपलने २०२१ मध्ये वारस नेमण्याची सोय दिली. आपल्याकडे २०२३ साली संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही मृत्यूनंतर आपले हक्क कोणी बजावायचे त्याचे नामनिर्देशन करण्याची तरतूद आहे. ‘नॉमिनेशन केलंत का?’ हा प्रश्न काउंटरवर विचारून विचारून माझी जीभ झिजली. तो आता मी नातेवाइकांना त्यांच्या टपालपेटीविषयी विचारतो आणि ते माझ्याकडे, हा रिटायर झाला तरी सुटत नाही, अशा नजरेने पाहतात.

पाहू देत. ज्यांच्या घरात वडीलधारे माणूस आहे त्यांनी एका रविवारी एवढेच करावे. आजीने नातवाला पाठवलेले चार आवाजी निरोप, आजोबांचे दोन लांबलचक संदेश, सुविचार वगळून, फोनमधून काढून दुसऱ्या जागी ठेवावेत. जमल्यास काही कागदावर उतरवावेत. घरात एखादी जुनी ट्रंक असतेच.